डावीकडून चौथा

फ्लेक्सवर मी खालच्या रांगेत, डावीकडून चौथा.
पाच रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात माझं तोंड
आणि खाली नाव: परमेशर.
श्व छापणाऱ्याला सापडला नाही
का भाईला घाई होती, कोण जाणे.
मधोमध भाई, गॉगल, कानाला मोबाईल, मागं वाघ.
आपला गोल मोठा व्हायचा तर काम दाखवावं लागायचं.
मुंजाचा दिवाळीपर्यंत बशीएवढा झाला.
कशामुळं, ते भट्टी गल्लीत सगळ्यांना माहीत.
बोललं कुणी नाही.

केक तलवारीनं कापायचो आम्ही.
तलवार कसली, रोलिंग मिलच्या भंगारातली पट्टी,
घासून घासून चकाकवलेली.
तिची क्रीम पुसायचं काम माझं.
तेच माझं पद.

रज्जाक पेंटरनं एका जमान्यात
मंठ्यापासून अंबडपर्यंत
भिंतीभिंतीवर कापसाची बोंडं रंगवलेली,
बियाण्याच्या जाहिरातीची, एकेक बोंड घागरीएवढं.
फ्लेक्स आला अन् त्याचे ब्रश
रॉकेलच्या डब्यात वाळून गेले.
त्या उन्हाळ्यात कदम बाईंनी त्याला
शाळेच्या मागच्या भिंतीसमोर आणून बसवलं,
आम्हाला म्हणाल्या, संध्याकाळी या, चहा मिळंल.
आम्ही चहासाठी गेलो. खोटं कशाला बोलू.

आठ दिवस त्यानं रंगच दाखवला नाही.
खरवडा, म्हणाला.
गुटख्याच्या पिचकाऱ्या, पोस्टरं, पोस्टरांखाली पोस्टरं,
आणि सगळ्यात तळाशी
त्याचंच एक बोंड निघालं, अर्धं.
बघत राहिला जरा वेळ.
मग म्हणाला, इसपे बी चूना मारो.

सुतळी निळीत बुडवायची,
दोघांनी दोन टोकं धरायची, तिसऱ्यानं मधी चिमटीत ओढून सोडायची.
फट्.
रेघ.
माझ्या समोरच्या टोकाला अझहर, पलीकडच्या वस्तीतला,
ज्याच्या कपाळावरच्या टाक्यांना कारण मी.
सुतळी ढिली पडली तर रेघ उमटत नाही,
म्हणून दोघांनी मागं मागं ओढायचं
आणि एकमेकाकडं बघत राहायचं.

काय काढायचं, यावर चार दिवस भांडण.
नगरपालिकेचा माणूस म्हणाला, स्वच्छ सुंदर लिहा.
बाईंना पुस्तकं पाहिजे होती, आम्हाला वाघ.
मग गल्लीतल्या बाया आल्या:
पाणी कधी येणार ते लिहा की रे.
नळाला अकराव्या दिवशी येतं, रात्री दीडला,
ज्याला कळलं त्याचं भरतं.

म्हणून हंडे काढले. भिंतभर रांग.
एकासारखा दुसरा नाही,
प्रत्येकीनं आपापला आणून दाखवला, पोचा कुठं आहे ते सांगितलं.
शेवटी काळी चौकट, आत खडूनं वार.
कोपऱ्यात, नगरपालिकेची समजूत म्हणून, स्वच्छ.
तो शब्द माझ्याकडं दिला.
अर्धा स पुढच्यावर टेकव, रज्जाकचाचा म्हणाला,
उसको अकेला खडा मत कर.

एका संध्याकाळी भाई आला. बुलेट बंद केली नाही.
माझा फोटो कुठाय?
शिडीवरून चाचानं विचारलं,
तुमच्या घरी हंडा कशाचा?
बुलेट नुसती धडधडत होती.
जर्मनचा, भाई म्हणाला. कड चेपलेली.
दुसऱ्या दिवशी काढला आम्ही तोही.
त्याची आई येऊन बघून गेली. तो नाही आला.

मुंजा हर्सूलच्या जेलात आहे.
भेटीला गेलो तर विचारलं, मी आहे का भिंतीवर?
तुझ्या घरचा हंडा आहे, म्हणालो.
त्यानं मान हलवली, कशाला कोण जाणे.

रंगानं पोट भरत नाही. मी दिवसा मिलमध्ये सळया मोजतो.
आणि भिंतीसमोरच्या खांबावर परवा नवा फ्लेक्स लागला,
खालच्या रांगेत डावीकडून चौथा, कोण तरी बारकं पोरगं.
काल तेच पोरगं आमच्या हंड्यांपुढं उभं होतं,
बोटानं मोजत.
मी म्हणालो, ही सुतळी धर.
काय मिळतं?
चहा, म्हणालो.